यांत्रिक पुतळ्यांचे जुने कागद जमवताना: आधी पाठ बघा, मग चित्र

फोंड्याच्या एका वाचकाने विचारले आहे. आजीचे घर मोकळे करताना पेटाऱ्यात त्यांना एक चित्र सापडले. पगडी घातलेला पुतळा पेटीवजा टेबलामागे बसला आहे, समोर बुद्धिबळाचा पट, पेटीची दारे उघडी आणि आत चाकेच चाके. मागच्या बाजूला पोर्तुगीज मजकूर, चारही कोपऱ्यांना डिंकाचे तपकिरी डाग. हे खरेच जुने आहे का आणि किती किमतीचे? अशा विषयाचा संग्रह गोव्यात बसून करता येतो का? आणि करायचाच तर पावसाळ्याचे काय? असे त्यांचे तीन प्रश्न.

माझी उमर छापखान्यात गेली. पणजीत आधी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवले, मग ऑफसेटवर आलो. त्यामुळे कुठलेही चित्र हातात आले की मी ते आधी उलटे करतो. घरचे यावरून हसतात, पण तुमच्या चित्राची निम्मी उत्तरे पाठीवरच आहेत.

मागे मजकूर आहे म्हणजे ते ताम्रपटावरून छापलेले नाही, असे मी तुमच्या वर्णनावरून आणि पाठवलेल्या फोटोवरूनच म्हणतो. तांब्याच्या पत्र्यावर रेघा खोल कोरतात, शाई त्या खाचांत भरतात, ओला कागद वर ठेवून रुळाखालून दाबून काढतात. खिळ्यांचे छापणे बरोबर उलटे, तिथे उंच भागाला शाई लागते. ही दोन कामे एका यंत्रावर होत नाहीत, म्हणून ताम्रपटाची चित्रे वेगळी छापून पुस्तकात बांधत आणि त्यांची पाठ बहुधा कोरी राहत असे. लाकडी ठशाचे तसे नाही. ठसा खिळ्यांच्याच उंचीचा केला की मजकुराच्या चौकटीत सरळ आवळता येतो आणि चित्र व मजकूर एका दाबात निघतात. एकोणिसाव्या शतकातली सचित्र मासिके आणि साप्ताहिके याच जोरावर उभी राहिली.

तेव्हा तुमचे चित्र खरे आहे, जुने आहे, पण मासिकातले पान आहे. फार किमतीचे नाही. निराश होऊ नका, माझ्या संग्रहातला अर्ध्याहून अधिक माल असाच आहे आणि मला तोच जास्त प्रिय आहे.

खात्री करायची तर घड्याळजीकडे असते तसे दहापट भिंग घ्या. पेटीची काळी सावली जिथे आहे तिथे बघा. लाकडी ठशात काळे सलग असते आणि त्यातून पांढऱ्या रेघा ओढलेल्या दिसतात, कारण कारागीर कोरतो तो भाग पांढरा राहतो. ताम्रपटात कोरलेली रेघ काळी उठते, बोटाला किंचित उंचवटा जाणवतो, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदात बसलेला असतो. शिळाछापात खडूसारखा रवाळपणा. आणि भिंगाखाली सगळीकडे ओळीने ठिपकेच ठिपके दिसले, तर तो हाफटोन, म्हणजे चित्र ठिपक्यांत मोडून छापण्याची पद्धत. छापखान्यांत तो १८८० नंतर रुळला. म्हणजे अठराव्या शतकातले म्हणून विकायला आणलेल्या चित्रात ठिपके दिसले की दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडायचे.

लाकडी ठशात आणखी एक गंमत असते. हे ठसे बॉक्सवूडचे, आणि त्या झाडाचे खोड बारीक. मोठे चित्र हवे तर लहान तुकडे मागून बोल्टने जोडत, वेगवेगळ्या कारागिरांत वाटत आणि कोरून झाले की पुन्हा आवळत. सांधा जरा सैल राहिला की छापात केसासारखी एक पांढरी सरळ रेघ आरपार जाते. पुतळ्याच्या पगडीतून अशी एखादी रेघ उभी खाली आलेली दिसली तर ती कागदाची घडी समजू नका, तो ठशाचा सांधा आहे. मला अशी रेघ दिसली की दिवस चांगला जातो.

आता त्या पुतळ्याविषयी. तो 'तुर्क'. व्होल्फगांग फॉन केंपेलेन या व्हिएन्नाच्या दरबारातल्या अधिकाऱ्याने तो १७६९ मध्ये बांधला आणि पुढच्या वर्षी सम्राज्ञी मारिया तेरेसाला दाखवला. खेळापूर्वी एकेक दार उघडून आत मेणबत्ती धरून चाके दाखवायची, दारे लावायची, किल्ली द्यायची आणि मग पुतळा भल्याभल्यांना हरवायचा. १८०९ मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळला. केंपेलेन वारल्यावर तो माल्त्सेल या यंत्रकाराकडे गेला, अमेरिकेत फिरला आणि १८५४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आगीत जळाला. आत माणूस होता. सरकत्या आसनावर बसलेला, दारे उघडतील तसा पुढेमागे होणारा, पटाखालच्या लोहचुंबकांवरून चाली ओळखणारा.

म्हणजे यंत्र म्हणून ती फसवणूकच होती. पण त्या फसवणुकीने जेवढा कागद जन्माला घातला तेवढा खऱ्या यंत्रांनी घातला नसेल. १७८३ मध्ये विंडिशने पत्रांच्या रूपाने त्याच्यावर एक पुस्तक काढले. १७८९ मध्ये राक्निट्झने दुसरे काढले, आणि त्यात आत माणूस कसा मावत असेल याची कोरीव चित्रे दिली. राक्निट्झचा तर्क मुळात बरोबर होता, पण पेटीची मापे चुकली, त्यामुळे त्याने आत अगदी ठेंगणा माणूस कल्पिला. १८३६ मध्ये अमेरिकन लेखक एडगर अॅलन पोने लेख लिहिला. निष्कर्ष बरोबर, वाटेतली बरीच कारणे चूक. माझ्या मते या विषयातला सगळा रस इथे आहे. यंत्र कसे चालत होते हे संग्रहालये सांगतील. लोकांना ते कसे चालते असे वाटत होते, हे फक्त कागद सांगतो.

व्होकांसों या फ्रेंच यंत्रकाराच्या बदकाचे तेच. १७३८ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे बासरीवाला पुतळा मांडला, पाठोपाठ डफ वाजवणारा आणि दाणे खाऊन 'पचवणारे' बदक आले. बासरीवाल्यावरची त्याची छोटी पुस्तिका १७३८ची, इंग्रजी भाषांतर १७४२चे. तुम्ही कुठेही शोधलेत तर बदकाच्या पोटात चक्रे आणि आतड्याची नळी दाखवणारे एक चित्र हमखास पुढे येते. ते व्होकांसोंचे नाही. फार नंतर एका अमेरिकन माणसाने 'असे असेल' म्हणून काढलेली ती कल्पना आहे. प्रत्यक्षात पोटात पचन नव्हतेच. खाल्लेले एका बाजूला साठायचे आणि आधीच भरून ठेवलेले दुसरीकडून पडायचे. रॉबेर-उदँ या जादूगाराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की त्याच्याकडे हे बदक दुरुस्तीला आले तेव्हा तो 'माल' हिरवा रंगवलेल्या पावाच्या चुऱ्याचा निघाला. तेव्हा कोणी 'व्होकांसोंचा मूळ आराखडा' म्हणून पोटाचे चित्र विकत असेल तर दोनपैकी एक गोष्ट कळते: त्याला विषय कळत नाही, किंवा त्याला वाटते की तुम्हाला कळत नाही.

एक उदाहरण असेही आहे की कागदाने यंत्राची ओळख पटवली. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला आगीत होरपळलेले एक यंत्र मिळाले. कोणी बनवले ते ठाऊक नव्हते. दुरुस्त करून किल्ली दिली तेव्हा त्या पुतळ्याने चित्रे काढली, फ्रेंच कविता लिहिल्या आणि एका कवितेच्या कडेला लिहिले की हे मायार्देच्या (हा स्विस यंत्रकार) यंत्रपुतळ्याने लिहिले आहे. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयातल्या झाके-द्रोझ या घड्याळजींच्या पुतळ्यांपैकी एक असाच लिहितो आणि एक चित्रे काढतो. यंत्राने स्वतःच्या हाताने काढलेला असा जुना कागद हाताला लागणे म्हणजे लॉटरीच. मला अजून लागलेला नाही.

गोव्यात बसून संग्रह होईल का? होईल, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. आशियातले पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आले, हे आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो. पण अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८२१ पर्यंत इथे छपाई बंदच होती, नेमकी जेव्हा युरोपात या पुतळ्यांची धूम होती. त्यामुळे इथल्या घरांत सापडते ते बाहेरून आलेले, आणि बहुतेक लिस्बनहून. 'ओ पानोरामा' १८३७ पासून, 'आर्किव्हो पित्तोरेस्को' १८५७ पासून, 'ओ ओक्सिदेंत' १८७८ पासून. भाटकारांच्या (जमीनदारांच्या) आणि वकिलांच्या घरी अशा नियतकालिकांचे बांधीव खंड असत. मुले त्यातली चित्रे कापून वहीत चिकटवत, तुमच्या कोपऱ्यांवरचा डिंक बहुधा तिथलाच.

अशा सचित्र नियतकालिकांत ठशांची देवाणघेवाण चाले. लंडनचे 'पेनी मॅगझिन' आपल्या ठशांचे धातूचे ओतीव साचे परदेशी नियतकालिकांना विकत असे. तेव्हा तेच चित्र इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये, वेगवेगळ्या मजकुरासह मिळू शकते. नव्या संग्राहकाला मी हाच धंदा सांगतो: एक ठसा पकडा आणि तो कुठकुठल्या भाषेत फिरला ते गोळा करा. पैसे कमी लागतात, डोके भरपूर.

भारतीयाने घ्यावा असा दुसरा धागा म्हणजे टिपूचा वाघ. गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला लाकडी वाघ, पोटात ऑर्गन, हँडल फिरवले की वाघ गुरगुरतो आणि माणूस कण्हतो. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडले आणि तो लंडनला गेला, आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याची चित्रे १८०० पासून छापली जात आहेत. संग्रहालयाची जुनी पोस्टकार्डे अजून परवडतात आणि पोस्टाचा शिक्का असल्यास तारीखही फुकट मिळते. फ्रेंच 'ला नात्युर' साप्ताहिक (१८७३ पासून) हा तिसरा धागा. त्यातली पोये या चित्रकाराची कोरीव चित्रे यंत्राच्या पोटात शिरून बघणाऱ्या माणसासाठीच काढलेली वाटतात. जपानी हवे असेल तर होसोकावा हान्झोचे १७९६चे 'काराकुरी झुई' हे यांत्रिक बाहुल्यांचे पुस्तक. चहाचा पेला घेऊन चालत येणारी बाहुली त्यात सुटी करून दाखवली आहे. त्या पुस्तकाच्या आधुनिक प्रतिकृती निघाल्या आहेत. प्रतिकृती म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, मूळ म्हणून घेऊ नका.

हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाला शुक्रवारी जुन्या फारसी अक्षरांच्या पानावर मोराच्या घड्याळाचे किंवा पाणी ओतणाऱ्या दासीचे रंगीत चित्र कोणी दाखवले, तर ते अल-जझरी या यंत्रकाराच्या १२०६च्या यंत्रांवरच्या ग्रंथातले पान नव्हे. कागद खरा जुना असू शकतो, एखाद्या हिशेबाच्या वहीतला, चित्र मात्र गेल्या दहावीस वर्षांतले. भिंगाने बघा: रंग अक्षरांवर चढलेला असतो, कसरीने खाल्लेल्या भोकाच्या आतल्या कडेलाही तो उतरलेला असतो. भोक आधी, रंग नंतर.

मी स्वतः फसलो आहे. राक्निट्झचे पान म्हणून एका विक्रेत्याकडून चौदा हजारांना घेतले. कागदावर जुन्या हातकागदात असते तशी उभ्या रेघांची जाळी होती, उजेडात धरून बघितली आणि मी हुरळलो. घरी येऊन भिंग लावले तर ठिपके. कोणीतरी जुन्या पुस्तकाचे कोरे पान काढून त्यावर नवी छपाई केली होती. तीस वर्षे ऑफसेटवर काम केलेल्या माणसाने ठिपके घरी येऊन बघावेत! तेव्हापासून भिंग गळ्यात असते, आणि पत्र्याच्या कडेचा दाब चाचपल्याशिवाय पाकिटात हात जात नाही.

फोडलेल्या पुस्तकांबद्दल माझे मत कडक आहे. चित्रे सुटी विकण्यासाठी धड पुस्तक फाडणारा विक्रेता असेल तर मी घेत नाही. आधीच सुटलेले पान घेतो. ही रेघ नेहमी स्पष्ट नसते हे मलाही ठाऊक आहे.

कायद्याचे एवढेच लक्षात ठेवा: १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या वस्तू, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखिते व दस्तऐवज 'पुरावशेष' ठरू शकतात. ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या मित्राला आजीच्या पेटाऱ्यातले काही भेट म्हणून पोस्टाने पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. बाहेरून मागवताना विक्रेत्याला पावतीवर वस्तू, वय आणि छपाईचा प्रकार नीट लिहायला सांगा. नुसते 'आर्ट' लिहिले की कस्टममध्ये पाकीट अडकून पडते.

आता पावसाळा, आणि इथे मी लांबण लावणार आहे, कारण गोव्यात संग्रह बाजारात जात नाही, बुरशीत जातो.

पहिली चूक माझीच. मे महिन्यात साठ-सत्तर कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून कडा चिकटवून बंद केले. वाटले, आता हवाच लागणार नाही. कागदात आधीच शिरलेला दमट ओलावा मात्र आतच कोंडला. चवथीच्या सुमाराला उघडले तर पिशवीच्या आतल्या बाजूला दव आणि कागदावर तांबूस ठिपक्यांची नक्षी. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे चांगली, पण दोन बाजू उघड्या हव्यात, आणि कागद भरायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना.

हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी उठते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती सहज ऐंशीपार असते. बारा महिने वातानुकूलित खोली परवडत नसेल तर एक घट्ट झाकणाची पेटी करा. आत आम्लरहित पुठ्ठ्याचे फोल्डर, तळाशी रंग बदलणारे सिलिका जेल, आणि शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक. जेलचा रंग पालटला की बाहेर काढून तापवून पुन्हा घालायचे. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जांभ्या दगडाची भिंत पावसात पाणी पिते. जमिनीपासून वीतभर वर ठेवा, वाळवी खालून येते. पंधरा दिवसांनी एकदा उघडून नुसते नाकाने बघा. बुरशी डोळ्यांआधी नाकाला कळते.

बुरशी दिसलीच तर लगेच पुसू नका. ओली बुरशी पुसली की कागदात घुसते. सावलीत, वाऱ्याच्या झोतात नव्हे पण मोकळ्या हवेत पूर्ण सुकू द्या, मग तोंडावर मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, फक्त वास येतो. लोखंडी टाचण्या आणि स्टेपल पहिल्या पावसातच गंजतात, आधी काढा. सेलोटेप कधीही नाही. लॅमिनेशन म्हणजे कागदाला जिवंत पुरणे.

तुमच्या कोपऱ्यांवरचा डिंक? राहू द्या. मासिकांचा कागद १८७० नंतर बहुतेक लाकडाच्या लगद्याचा, पाण्याने ढिसूळ होतो. डाग काढायला जाल आणि पगडीच हातात येईल. भिंतीवर लावायचे असेल तर स्कॅन करून प्रत लावा, मूळ अंधारात ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. युरोपचे तुर्क आणि बदके शोधताना आपल्या अंगणातले सुटू देऊ नका. दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्याकडे नरकासुर उभे राहतात. हात हलणारे, डोळे फिरवणारे, मोटारी आणि चाके लावलेले. पहाटे जाळून टाकतात. शिल्लक राहते ते स्पर्धेचे पत्रक. माशेलच्या चवथीतल्या हलत्या देखाव्यांची, शिगम्यातल्या चित्ररथांची, नाताळातल्या गोठ्यांची पत्रके. दशावताराची 'ट्रिकसीनयुक्त' (म्हणजे मंचावर करामतींची दृश्ये असलेला) अशी ठळक अक्षरांत जाहिरात करणारी भित्तिपत्रके. हे सगळे यांत्रिक पुतळ्यांचेच कागद आहेत आणि आज ते फुकट मिळतात. फक्त एक करा: अशा पत्रकांवर 'शनिवार दि. १८ रोजी' असते, साल नसते. घरी आल्याबरोबर मागे मऊ पेन्सिलीने साल आणि गाव लिहा. माझ्याकडे एका नरकासुराचे सुंदर पत्रक आहे, चक्राचा आराखडाच छापला आहे त्यावर, आणि ते कुठल्या सालचे हे आता छापणाऱ्यालाही आठवत नाही.

तुमच्या चित्राचे साल मात्र सापडेल. पाठीवरच्या पोर्तुगीज मजकुराच्या दोन सलग ओळी आणि वर पानाचा आकडा असेल तर तो, नीट उतरवून घ्या. लिस्बनच्या नगरपालिकेच्या 'हेमेरोतेका डिजिताल' या संकेतस्थळावर ही जुनी नियतकालिके पान-पान बघायला मिळतात. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातही जुन्या पोर्तुगीज नियतकालिकांची चौकशी करा. आधी 'ओ पानोरामा'पासून सुरुवात करा, पानाचा आकार जुळतो का बघा. आणि मिळाले की पाठीच्या बाजूचा फोटो मला पाठवा, पुढची बाजू मी पाहिली आहे.